दोन सेकंदांची शांतता

६ जानेवारी, सोमवार
सुकापूरच्या स्टुडिओत रुजू झाले! लग्नाच्या फिल्म बनवतात. मालक कमलाकर सरांनी पेढा दिला, खुर्चीची चाकं चारही चालतात, आणखी काय हवं? इथे नव्या माणसाला माइकवर एक पान वाचायला लावतात. पुढे कुठलंही सेटिंग आधी त्या आवाजावर तपासतात. मी वीजबिलाची मागची बाजू अगदी ठसक्यात वाचली. रेकॉर्डिंग करणारा कुंदन मोरा बंदरावरचा कोळी. म्हणाला, "मॅडम, आवाज लय गोड हाय." खुशमस्कऱ्या आहे, पण बरं वाटलं.

८ जानेवारी, बुधवार
डिस्क भरलीय. फाइली बारीक करायचं काम माझ्याकडे. बिटरेट उतरवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला ज्याची उणीव भासणार नाही ते आवाजातून फेकून द्यायचं. सगळ्यात मोठी फाइल कुंदनच्या आईची. सोनाबाई धवलारीण आहे, कोळ्यांच्या लग्नांतले सगळे विधी तिच्या गाण्यावर होतात. तिची तीन तासांची गाणी त्याने जपून ठेवलीत. मी बिटरेट ३२० वरून ३२ वर आणला, डावा-उजवा अशा दोन चॅनलचा एक केला आणि त्याच नावाने सेव्ह केलं. मूळ फाइल पुसली गेली. विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता.

१० जानेवारी, शुक्रवार
कुंदनने डब्यात आईच्या हातचा जवळा आणला. सांगत होता, बुधवारपासून आयचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो आणि एक कान बंद झालाय. डॉक्टरांना काहीच सापडत नाही. त्याने फोनवर तिचं बोलणं ऐकवलं. तो माझाच ३२ होता. मी ओळखला. तिला जुनी गाणी ऐकवायची म्हणून त्याने मूळ फाइल मागितली, तर ती कॉम्प्युटरनेच उडवली म्हणून सांगितलं. लाज वाटली. जवळा मात्र छान होता, सगळा संपवला.

१३ जानेवारी, सोमवार
शनिवार-रविवार डोक्यात एकच किडा. खरंच माझ्यामुळे की योगायोग? खात्री करायची तर आणखी एक सेटिंग आहे: दोन सेकंदांहून लांब शांतता कापून टाका. तिच्या फाइलसाठी त्यावर खूण केली आणि सेव्ह केलं. तिचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. पण मला बघायचंच होतं.
जागा आणखी मोकळी झाली. सरांनी पाठ थोपटली.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. कुंदन आला नाही. सरांना त्याचा फोन आला होता. सोनाबाई ओट्यावर मासे साफ करत गुणगुणत होती. दम घ्यायला थांबली. विळी तिथेच, मासा तिथेच, ती नाही. लोक समुद्रात शोधतायत.
खात्री झाली.
मी सगळ्यांना तिळगूळ वाटला.

१६ जानेवारी, गुरुवार
कुंदन आला. रडला नाही. मी चहाला गेले तेव्हा माझ्या कॉम्प्युटरवर बसला. कुठली फाइल, किती वाजता, कोणी केली, सगळं तिथे नोंदलेलं राहतं. हे मी कशी विसरले! परतले तर म्हणाला, "तुमाला माईत होतं ना, मॅडम?"
मी नाही म्हणाले. ओरडून म्हणाले. ओरडतच होते, म्हणून तेव्हा वाचले. माझ्या वीजबिलाच्या वाचनाची फाइल त्याने आधीच उघडून ठेवली होती, मी ओरडत असतानाच बटण दाबलं. बिटरेटला हात लावला नाही म्हणाला. "गोड आवाज हाय, तो तसाच ठेवलाय." फक्त शांतता कापायची खूण केली. त्याच नावाने सेव्ह. आणि घरी गेला.

दुपारी १
लिहिते ते मोठ्याने वाचतेय. मध्ये पाढे. सर म्हणतात डॉक्टरकडे चल—

४.२०
घसा सोलला. थुंकीत रक्त— सतरा एके सतरा— झोपणार कशी? झोपेत कोण बोलतं—

५.५०
चूक झाली सोनाबाई चूक झाली चूक— हेच म्हणतेय— दोन सेकंद भरत नाहीत—

६.०५
पाण्याची बाटली समोर. एक घोट म्हणजे एक सेकंद, गिळायला अर्धा. बसतं. घेतला! आहे मी, आहे— अजून एक— गार पाणी, आई गं, किती बरं वा