चौथ्या भागातला मुका कप्तान

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तिकिटं काढली. उद्या दुपारचा खेळ, मागून तिसरी रांग, कडेच्या दोन खुर्च्या — म्हणजे कुजबुजले तरी शिव्या कमी पडतील. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, मला काय दिसणार आहे, तू एकटी जा. पाच मिनिटांनी भिंत चाचपत स्वयंपाकघरात आल्या आणि विचारलं, जहाज तेच आहे ना गं, की नवीन घेतलं?

सासूबाई आणि समुद्री चाच्यांचे सिनेमे — लोकांना हसू येतं. पण आमचं सासू-सुनेचं जमलं ते तुटक्या कानाच्या कप्तानावरच. बाकी मिठापासून पडद्यांपर्यंत कशावरही एकमत नाही. पहिला भाग आईंनी डोळे भरून पाहिला, दुसरा धूसर, आणि तिसऱ्याच्या वेळी काचबिंदूने सगळंच नेलं होतं. तेव्हा ढब्बू आमच्या दोघींच्या मध्ये बसला होता. माझा नवरा, त्यांचा एकुलता एक. आईंच्या कानात सगळं सांगत होता — आता शिडीवर चढला, आता उडी मारली, आता तो पांढऱ्या हातमोज्यांचा आरमारप्रमुख चिडला. इतकं रंगवून, की पुढच्या रांगेतले वळून ऐकत होते.

चौथा भाग यायच्या आत तोच गेला. लिफ्ट दुरुस्त करताना वरून पडला, गेल्या वर्षी. तेव्हापासून आई बिछान्यात असतात नाहीतर बिछान्याच्या कडेला. उशाशी रेडिओ.

उद्या सांगायचं काम माझं. मला असलं बोलायला जमत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

काय करून बसले मी!

आधी सिनेमाचं लिहिते, म्हणजे डोकं जरा थंड होईल. भिकार! समुद्र कॉम्प्युटरवर केलाय, जेलीसारखा हलतो. वादळात जहाज सापडतं आणि एकाचेही केस ओले होत नाहीत. पहिल्या भागात दोर ओढून खलाशांच्या हातांना फोड आलेले दिसायचे. इथे दोर नुसते शोभेला. तलवारबाजी इतकी तुकडे तुकडे करून जोडलीय की कोण कोणाला हाणतंय ते त्यांचं त्यांना तरी कळलं असेल का? आणि कान! तीन भाग कप्तानाचा डावा कान तुटका होता. यात उजवा! एवढ्या लोकांची नावं येतात शेवटी, त्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही?

हेही चालवून घेतलं असतं. पण मध्यंतराच्या आधीच कप्तान धक्क्यावर बुटाची नाडी बांधायला वाकतो आणि एका घाबरट शिपायाच्या हातून बंदूक उडते. संपला. गंमत म्हणून! लोक हसलेसुद्धा. हा माणूस बंदर सोडताना दरवेळी खलाशी मोजायचा. एक कमी भरला तर अख्खं जहाज परत वळवायचा, मागे तोफा लागलेल्या असल्या तरी. त्याला नाडी बांधताना मारला. आणि मग कुठून तरी एक पुतण्या उपटतो, दात काढतो आणि जहाजाचा मालक होतो.

बंदुकीचा आवाज झाला तसं आईंनी माझं मनगट धरलं. "कोणाला लागली?"

"कप्तानाला. दंडाला," मी म्हणाले. "पाण्यात पडलाय. पोहतोय."

तोंडातून निघून गेलं. ठरवलं वगैरे काही नव्हतं. त्यांचा हात थंड पडला होता, एवढंच मला कळत होतं. पण एकदा बोलल्यावर निस्तरणं आलं. कप्तानाचा आवाज पुढे येणार नव्हता आणि आईंचे कान भलते तिखट. म्हणून सांगितलं, तो आरमारप्रमुखाच्याच जहाजावर मुका खलाशी बनून शिरलाय. सोंग घेतलंय, एक शब्द बोलत नाही. अंत्यविधीच्या प्रसंगाला आजूबाजूचे नाकं ओढायला लागले. आईंनी विचारलं, लोक रडतायत का? म्हटलं, पेटी रिकामी आहे, यांना अजून माहीत नाही. त्या गालातल्या गालात हसल्या. पुढे तासभर मी त्या मेलेल्या माणसाला प्रत्येक प्रसंगात कुठे ना कुठे उभा करत होते — डेक पुसताना, शिडाच्या आड, आरमारप्रमुखाला सूप वाढताना. शेवटची तोफ पुतण्याने डागली, ती मी कप्तानाच्या हातून डागवली. पुढची बाई वळून बघत होती, हिला वेड लागलंय का म्हणून.

पायऱ्या उतरताना आई म्हणाल्या, "मला वाटलं मारतात की काय त्याला." आणि माझा हात थोपटला.

९ नोव्हेंबर, रविवार

आईंनी आज दोनदा वाढून घेतलं. स्वतः उठून केस विंचरले. मावशींना, म्हणजे त्यांच्या बहिणीला, फोन लावून अख्खा सिनेमा सांगितला. मुक्याचं सोंग तर माझ्यापेक्षा रंगवून! मावशी सिनेमाच्या वाटेला जात नाहीत, ते एक बरं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी फोन संपेपर्यंत दाराशी उभी होते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतात. शेजारी बसणारी प्लास्टरवाली पण सिनेमा बघून आलीय. तिला पुतण्या आवडला! म्हातारा झाला होता कप्तान, किती ताणणार, म्हणाली. माझं टाळकंच फिरलं. हातातली कवळी बाजूला ठेवून तिच्याशी भांडले. म्हटलं, अगं पण शेवटची तोफ कोणी डागली? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग लक्षात आलं, मी माझ्याच सिनेमावरून भांडतेय.

त्या नादात एक दाढ जास्त घासली गेली. मालकांनी कवळी पुन्हा करायला लावली. चष्म्यावरून बघत होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी रेडिओवर सांगत होते — रविवारी नव्या सिनेमावर श्रोत्यांशी गप्पा. आई म्हणाल्या, मला लावून दे हं, मी पण फोन करीन.

त्या आंघोळीला गेल्यावर रेडिओतले सेल काढून पर्समध्ये टाकले. बिघडलाय म्हणून सांगितलं.

जिला दिसत नाही त्या बाईचा रेडिओ बंद केला मी. शरम वाटते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आई म्हणाल्या, घर फार गप्प झालंय गं.

१६ नोव्हेंबर, रविवार

खालचा टेलर माझे ब्लाऊज द्यायला वर आला. आईंनी त्याला बसवून घेतलं आणि सुरू — मुका कप्तान, सूप, तोफ. त्याने सिनेमा पाहिलेला! ऐकता ऐकता त्याची मान हळूहळू माझ्याकडे वळली. मी आईंच्या मागे उभी राहून हात जोडले. भला माणूस, म्हणाला, हो हो, तोफेचा प्रसंग भारीच घेतलाय.

मी जिन्यापर्यंत सोडायला गेले. तिथे म्हणाला, वहिनी, हे किती दिवस पुरणार? मी त्याच्यावरच उखडले. तुम्ही तुमची काजं-बटणं बघा म्हणाले. त्याने निमूट चपला घातल्या.

त्याचं काय चुकलं? काहीच नाही. पण दीड वर्षाने... नाही, वर्षाने. सगळंच लांबल्यासारखं वाटतं. तर वर्षाने आई कोणाला तरी बसवून घेऊन काहीतरी सांगत होत्या. हात हलवून. ढब्बूही असेच हात हलवायचा. मला ते परत बंद पडलेलं बघवणार नाही. यातलं मी टेलरला काहीच सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दार उघडलं तर रेडिओ चालू.

टेलरची बायको दुपारी वर आली होती. आईंनी तिला रेडिओ बघायला दिला. "बिघडला कुठला," आई म्हणाल्या, "आत सेलच नव्हते." तिने घरातले घालून दिले. आज त्या रविवारच्या गप्पा परत लावल्या होत्या म्हणे. कोण कोण फोन करून कप्तान मेल्याबद्दल बोलत होतं. एकाला तर रडू आवरेना, एवढं सांगितलं त्यांनी. मग रेडिओ बारीक केला आणि म्हणाल्या, दूध तापवलंय, बघ उतू जाईल.

चप्पल हातात घेऊनच मी दूध बघायला गेले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एरवी मीठ कमी पडलं तरी ऐकवतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर अबोला. चहा घेतला, जेवण नाही. परत बिछान्याच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून. मी दोनदा सुरुवात केली. "आई, ते सिनेमाचं..." त्यांनी हातानेच थांब म्हणून खूण केली. चिडलेल्या वाटत नव्हत्या, कसला तरी विचार करत होत्या. ओठ हलत होते मधून मधून.

दूध आलं का, दिवा लावलास का, बाहेर ऊन आहे का — दिवसातून पन्नास वेळा मला विचारतात, आणि मी सांगेन ते खरं धरून चालतात. आज दिवसभरात एकदाही काही विचारलं नाही. काठी घेऊन स्वतःच खिडकीपर्यंत गेल्या आणि हात बाहेर काढून ऊन बघितलं.

सगळं त्या भिकार सिनेमापायी. त्या लेखकाला नाडी सोडून दुसरं काही सुचलंच नाही का!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लॅबला निघाले होते. आईंनी दारातच हात धरला. सिनेमाचा राग नाही म्हणाल्या. रेडिओवर ऐकला त्यापेक्षा तुझाच बरा होता.

मग म्हणाल्या, "हॉस्पिटलात मला ढब्बूला हात लावू दिला नाहीस. डॉक्टर नको म्हणतात म्हणालीस. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही, शांत झोपल्यासारखा दिसतोय म्हणालीस. तेही असंच होतं का गं?"

मी हो म्हणाले.

त्यांनी दार लावून घेतलं. चाचपत खुर्ची ओढली आणि मला तिच्यावर बसवलं.

"आता काय पाहिलंस ते सांग."