दोन एकरांचा लाभार्थी

मी, हर्ष शामसुंदर सुत्रावे, वय सव्वीस, राहणार सरस्वतीपुरम, म्हैसूर, खांदा सोडला तर अंगाने आणि डोक्याने ठणठणीत असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे लिहून ठेवतो. बारावी अर्धवट आहे, भाषेला हसू नये.

गेल्या महिन्यात आगुंबे घाटात बाईकवरून पडलो. दवाखान्यात अंबाजीरावकाका मोसंबी घेऊन आले. "बरा हो रे," म्हणाले, "पण तुझ्यामागे त्या जमिनीचं कसं?" मला आईबाबा नाहीत, भावंडं नाहीत, बायको नाही. वकील म्हणाले, कागद केला नाहीस तर जमीन काकांकडे जाईल. काका तिथे प्लॉट पाडणार, हे ते स्वतःच प्रत्येक लग्नात सांगतात.

कलम १. पिरियापट्टणजवळची, बाबांनी घेतलेली दोन एकर जमीन बोअरवेलसकट तुंगक्काला द्यावी. तुंगक्का म्हणजे कै. वेंकोबा यांची पत्नी. वीस वर्षं तीच ही जमीन कसते. मी तिथे सलग दोन दिवस राहिलेलो नाही. पण पहाणीत, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात, नाव माझं, म्हणून सरकारदरबारी शेतकरी मी. दुष्काळात पीक गेलं तिचं, भरपाई आली माझ्या खात्यात. मेसेज आला तेव्हा मी स्पितीत मॅगी खात होतो. (तिथे मॅगीत याकचं चीज घालतात. असो.) पैसे पेट्रोलला गेले.

मग ठिबकचं अनुदान आलं. पाइप अक्काने अंथरले. फोटो काढायला साहेब आले आणि तिला म्हणाले, "अम्मा, स्वल्प बाजूला व्हा, फोटोत लाभार्थीच पाहिजे." मी कुदळ घेऊन उभा राहिलो. लांबून अक्का ओरडली, "अय्यो, उलटी धरलीस रे!" सगळे हसले, मीही हसलो. दवाखान्यात छताकडे बघताना मात्र त्या हसण्याची लाज वाटली.

कलम २. खात्यात जे काही उरलं असेल ते अक्कालाच. बहुधा फार नसेल.

कलम ३. आजोबांचे कापडछपाईचे लाकडी ठसे मेघाश्रीला, विजयनगर. ती काकांची मुलगी, पण तिचं-माझं भांडण नाही.

कलम ४. अंबाजीरावकाकांना काही नाही. बाबांच्या तेराव्याला, पंगत उठायच्या आत, त्यांनी पहाणीची झेरॉक्स मागितली होती. मनाला लावून घेतील. घ्यावं.

कलम ५. इथवरचं काल अक्काला वाचून दाखवलं. ती नाचणी पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "तू सव्वीसचा, मी अठ्ठावन्नची. तू कधी मरतोस याची वाट बघत बसू? बरं दिसतं का ते? द्यायचं तर डोळ्यांदेखत दे, नाहीतर राहू दे."

मी तिथूनच वकिलांना फोन केला. बक्षीसपत्र करायला सोमवारी, सतरा तारखेला, सब-रजिस्ट्रार कचेरीत वेळ मिळाली आहे. तेव्हा जमिनीपुरतं हे मृत्युपत्र सोमवारपर्यंतच चालेल. तोवर मी मरणार नाही. बाईकची किल्ली साक्षीदार सुधींद्र सरांकडे दिली आहे. मी मागितली तरी देऊ नये.

ठिकाण : म्हैसूर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : हर्ष शामसुंदर सुत्रावे (सही)

आम्हा दोघांसमोर त्याने सही केली, आम्हीही त्याच्यासमोर केल्या :
१. मंजू, बाईक मेकॅनिक (सही)
२. सुधींद्र, निवृत्त शिक्षक, तळमजला (सही). किल्ली मिळाली. एकदा मागून झाली आहे.