पक्कड पूजेला होती

कोल्हापूर,
३० ऑक्टोबर १९९३

चि. कृष्णात यास आक्काचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

लडाखला पोचल्याचं तुझं पत्र अजून न्हाई. दसऱ्याच्या पहाटे घाईघाईनं गाडी गाठलीस, सोनं द्यायला पण थांबला न्हाईस. तिकडं थंडी किती, जेवण काय देतात, सगळं लिही.

तुझ्या दाजींचा तोरा काय सांगू! सासऱ्यांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली ती पिकअप माझ्या लग्नाआधीपासनं दारात हाय, पण ब्रेकच्या पॅडलवर उभं ऱ्हायल्याशिवाय कधी थांबली न्हाई. तू सुट्टीतले आठ दिवस तिच्याखाली घालवलेस, नवा मास्टर सिलेंडर, त्याला तो बूस्टर बसवलास, तर आता नुसता पाय टेकवला की जागच्या जागी! नारळाची पोती घेऊन गंगावेशीत जातात आणि कुणी ओळखीचा दिसला की मुद्दाम ब्रेक मारून दाखवतात. परवा एकाच्या तोंडातलं पान सांडलं. रस्त्यात भांडण.

मला मात्र त्या गाडीचं अजून भ्या वाटतं. गेल्या चैत्रात जोतिबाचा डोंगर उतरताना ब्रेक गेलते, दाजींनी गाडी मातीच्या ढिगात घातली म्हणून कपाळाचं कुंकू शाबूत ऱ्हायलं. आता काम तुझ्या हातचं हाय, म्हणून तेवढा धीर.

आणि व्हय, खंडेनवमीच्या संध्याकाळी माझ्या केसातला आकडा काढून घेतलास, उद्या देतो म्हणालास. कुठं घातलास? का फौजेत अंबाडा घालतोस?

आक्काला विसरू नको.
तुझी,
शालू

द्वारा ५६ ए.पी.ओ.,
११ नोव्हेंबर १९९३

ती. आक्कास कृष्णातचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. बाकीचं मागनं, आधी हे ऐक. गाडी दारातनं हलवू नका. दाजींनी ऐकलं न्हाई तर किल्ली विहिरीत टाक.

आक्का, तुझा आकडा गाडीत हाय. ब्रेकच्या पॅडलची दांडी एका पिनेनं जोडलेली असते, आणि ती पिन निसटू नये म्हणून तिच्या भोकात एक स्प्लिट पिन घालून तिचे पाय वाकवायचे असतात. शेवटचं तेवढंच काम उरलं होतं. पाय वाकवायला पक्कड पाहिजे, आणि तू हत्यारं धुऊन हळदकुंकू लावून पाटावर मांडली होतीस. मी पक्कड मागितली तर तुझ्या सासूबाई तानाबाई अंगावर आल्या, पूजेतलं हत्यार दसरा उजाडल्याशिवाय उचलायचं न्हाई म्हणाल्या. तूही नको म्हणालीस. मलाही उचलवलं नसतं, खरं सांगतो. मग तुझा आकडा हातानं वाकवून घातला. पहाटे उठून बदलणार होतो. गाडी गाठायच्या गडबडीत डोक्यातनंच गेलं.

तुझ्या पत्रात आकडा हा शब्द वाचला आणि सगळं आठवलं. शर्टाचा खिसा चाचपला, तर स्प्लिट पिन तिथंच. ती समोर ठेवून हे लिहितोय. इथं मी रोज गाड्या तपासतो, सही करतो की ही गाडी घाटाला लायक हाय. आणि बहिणीच्या गाडीत केसांचा आकडा! तो सपाट रस्त्याला तग धरंल, पण डोंगराच्या उताराला एक दिवस तुटणारच.

रस्ता बर्फानं बंद हाय. उद्या हेलिकॉप्टरनं एक जवान लेहला उतरणार, त्याच्याकडं दाजींच्या नावानं तार लिहून दिलीया. त्याच्याकडनं पाच वेळा घोकून घेतली. तार आधी पोचू दे, एवढंच देवाला मागतोय.

चुकलो गं. सांभाळून ऱ्हावा.
तुझा,
कृष्णात

जोतिबा डोंगर,
१४ नोव्हेंबर १९९३

चि. कृष्णात यास आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीला क्रांतीला घेऊन आई-आबांकडं डोंगरावर आलोय. आईच्या नातीनं येताच आबांच्या दुकानातलं गुलालाचं पोतं अंगावर ओतून घेतलं, दोन दिवस झाले तरी कान लाल हाईत. उद्या भाऊबीज. तुझ्या फोटोला ओवाळीन, ओवाळणी मात्र सोडणार न्हाई.

तुझे दाजी पिकअपनं सोडून रिकामेच खाली गेले. बुधवारी न्यायला येतील. आईला डोळे दाखवायचे हाईत, म्हणून तिला आणि आबांना पण खाली नेणार. तू ब्रेक केलेस म्हणून आई बसायला तयार झाली, न्हाईतर ती यष्टीशिवाय ऐकत न्हाई.

परवा पॅडलमधनं कट्कट् आवाज येत होता. दाजी म्हणाले, नवं हाय, रुळंल. मला काय कळतंय? तरी तुला विचारावंसं वाटलं.

लवकर लिही.
तुझी,
शालूआक्का

द्वारा ५६ ए.पी.ओ.,
१८ नोव्हेंबर १९९३

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं काहीच न्हाई. तार पोचली का न्हाई, कुणाला विचारू? डोळा लागला की पॅडल रिकामं खाली जाताना दिसतं. साहेबांनी तब्येत विचारली, त्यांना काय सांगू? कोरा कागद पाठीव, पण तुझ्या हातचा पत्ता घालून पाठीव.

कृष्णात

कोल्हापूर,
१९ नोव्हेंबर १९९३

चि. कृष्णात यास आशीर्वाद. वि. वि.

सगळी जित्ती हाईत. हे पहिलं वाच आणि मग श्वास घे.

तुझी तार बुधवारी सकाळी कोल्हापूरच्या घरी आली. फौजीच्या नात्यात तार आली की काय समजतात, तुला सांगायला नको. सासूबाईंनी तारवाल्यासमोरच हंबरडा फोडला. तुझ्या दाजींनी तार हातात घेतली, पण फोडायची छाती झाली न्हाई. एवढा गाव डोक्यावर घेणारा माणूस! तार तशीच खिशात घातली आणि पिकअप काढून डोंगरावर आले. ज्या गाडीला थांबवायला तू तार केलीस, त्याच गाडीत बसून ती तार आली बघ.

दारात आले ते पांढरेफटक. खिशातनं कागद काढून पुढं केला. आईनं तो बघितला आणि मटकन खाली बसली. आबा म्हणाले की आधी खाली चला, पलटणीच्या हापिसात विचारू, कागदावर इस्वास न्हाई. आईला उचलून मागं बसवलं, क्रांती तिच्या मांडीवर. मी पुढं. दाजींनी गाडी सुरू केली आणि कमानीबाहेर उताराला तोंड केलं. तवा माझ्या मनात आलं, माझा भाऊ गेला असंल तर ते मला इथं कळू दे, देवाच्या दारात. मी त्यांचा हात धरला, गाडी थांबवायला लावली आणि तार फाडली.

हिंदीत होतं. गाडी मत चलाओ, ब्रेक में आक्का का आकडा है.

मी हसले का रडले, मलाच ठावं न्हाई. दाजी गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेरच आले न्हाईत. आले तवा तळहातावर आकडा. एक पाय तुटून पडलेला, दुसरा दोऱ्याएवढा झिजलेला, आणि पिन अर्धी बाहेर. म्हणाले की दुसरं वळण बघितलं नसतं. मग तिथंच मातीत बसले. आम्ही यष्टीनं खाली आलो.

तुझं अकरा तारखेचं पत्र पण आज मिळालं. तुझ्यावर रागावले हाय, चांगलीच. समोर असतास तर लाटण्यानं झोडलं असतं. पण पक्कड नको म्हणणाऱ्यात मी पण होते. रात्री झोप लागत न्हाई. क्रांतीनं कूस बदलली तरी उठून तिला हात लावून बघते.

आकडा सोबत पाठवतेय. खिशातली ती पिन फेक आणि हा ठेव.

तुझी,
आक्का

कोल्हापूर,
१३ ऑक्टोबर १९९४

चि. कृष्णात यास आशीर्वाद. वि. वि.

आज खंडेनवमी. दुपारी पिकअप धुतली, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. दाजी अजून डोंगर चढायच्या आधी गाडीखाली शिरून आकड्याच्या जागी बसवलेली नवी पिन बघतात, चढून गेल्यावर परत बघतात.

सासूबाईंनी पाट मांडला. पाने, हातोडी, जॅक, सगळं धुऊन मी मांडलं. त्यांनी मोजलं आणि विचारलं की पक्कड कुठाय. मी सांगितलं, ती मांडणार न्हाई. मला वाटलं, आता सणाचा तमाशा होणार. त्या उठल्या, पक्कड माझ्या हातातनं घेतली, तिला कुंकू लावलं आणि गाडीतच सीटखाली ठेवली. म्हणाल्या की हिची पूजा हितंच.

पुढच्या दसऱ्याला सुट्टी घे. वाट बघतेय.
तुझी,
शालूआक्का