पेटी माळ्यावरून काढ

ट्रॉय, मिशिगन

प्रिय आई,

फोनवर हा विषय काढला की तू थेट मेथीच्या भाजीवर येतेस, म्हणून लिहितेय. पत्रात तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

आमच्या शेजारच्या मिस वर्निस आठवतात ना, तू इथे आलीस तेव्हा बेसनाचे लाडू एका बैठकीत फस्त करणाऱ्या? गेल्या आठवड्यात त्यांचा लाडका गायक एझ्रा टिलमन गेला. इथल्या कृष्णवर्णीयांचं सोल संगीत तो गायचा. आर्तता चर्चमधल्या भजनाची, पण गाणं प्रेमाचं, नाहीतर कारखान्यातल्या पाळीचं. बातमी कळली तशी मी वरणभात घेऊन गेले. घर माणसांनी भरलेलं आणि रेकॉर्ड मोठ्याने चालू. मला वाटलं, गडबडीत बंद करायची राहिली असेल. आपल्याकडे माणूस गेलं की आधी रेडिओचा कान पिळतात, त्याच सवयीने मी ती बंद केली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

मिस वर्निस रागावल्या नाहीत. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. त्यांचे वडील अलाबामाहून मोटारींच्या कारखान्यात आले, तेव्हा काळ्या माणसाला या भागात कुणी घर विकत नसे. एझ्राच्या गाण्यांवर गोरी पोरंही नाचायची, पण गाण्याच्या शेवटी तो जे नुसतं गुणगुणायचा ते फक्त आपल्यासाठी, असं त्यांच्या घरात सगळ्यांना वाटे. दर रविवारी वडील तीच रेकॉर्ड लावून घर झाडायचे. ते जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी ती लागली की ते घरात वावरतात, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी ती मलाच पुन्हा लावायला सांगितली आणि सगळे रडत रडत गायले. मीही रडले, पण एझ्रासाठी नाही.

मार्गशीर्षात बाबांना जाऊन वर्ष होईल. तेराव्याला तू त्यांची पेटी माळ्यावर टाकलीस आणि तिच्याबरोबर स्वतःचं गाणंही. त्यांनी सूर धरला की तू भजन उचलायचीस, ते ऐकतच मी वाढले. लोक काय म्हणतील म्हणून तू मुकी झालीस, ते मला बघवत नाही.

वर्षश्राद्धाला मी येतेय. पंगत उठली की पेटी मी घेईन. वाजवता येत नाही, नुसता सूर धरेन. तू गा. बाबांचा चेहरा मला लख्ख आठवतो गं, पण त्यांची पेटी कानात येईनाशी झालीय, आणि तुझ्याशिवाय ती मला ऐकवणारं आता कुणी नाही.

तुझीच,
उल्का