थांबली की बंद पडणारी गाडी

बेळ्ळंदूर, बेंगळुरू
रविवार, सकाळचा दुसरा चहा

ती. अलकाताईस,

धाकट्या उपेंद्रचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे, ते कळव. दयानंदभावोजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आणि त्यांना आता सगळं स्वच्छ दिसतं, असं प्रेमाकडून कळलं. पुढच्या भेटीत माझं टक्कलही स्वच्छ दिसेल, तेव्हा त्यांच्या मनाची तयारी करून ठेव. इकडे आम्ही सगळे खुशाल. (सगळे म्हणजे मी आणि प्रेमा. शमिका हैदराबादला असते आणि आपण खुशाल असल्याचं मोबाइलवर नुसता अंगठा पाठवून कळवते.)

परवा फोनवर तू गाडीचं विचारलंस आणि मी "उत्तम" म्हणून पावसाकडे वळलो, ते तुला खटकलं असणार. म्हणून आता सविस्तर लिहितो. प्रेमाला व्हाइटफील्डच्या एका शाळेत ग्रंथपालाची नोकरी मिळाली, हे तुला ठाऊक आहेच. बावन्नाव्या वर्षी, बावीस वर्षांच्या खंडानंतर. पण इथून तिकडे जायचं म्हणजे दोन बस आणि एक रिक्षा, तीही रिक्षावाल्याच्या मनात असेल तर. म्हणून ती क्लास लावून गाडी शिकली आणि लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा चढावर. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर शाळेला नाही म्हणून कळवीन, असं तिने भेंडी चिरता चिरता सांगितलं. आवाजात रडू नव्हतं, म्हणून मी जास्त घाबरलो. घरी सरावाला गाडी हवी, हे तेव्हाच ठरलं, आणि ऑफिसातून निवृत्त होणाऱ्या एका सद्गृहस्थांची सतरा वर्षांची गाडी मी घेऊन आलो. स्वस्त मिळाली. इतकी स्वस्त का, हे विचारायला हवं होतं. पण असले प्रश्न विचारले की वस्तू महाग होते, अशी माझी समजूत.

गाडी धावायची झकास. फक्त थांबली की बंद पडायची. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन दोन उचक्या द्यायचं आणि गप्प. मोकळ्या रस्त्यांच्या गावात कुणाला हा दोष जन्मभर कळला नसता. आमच्या रिंगरोडवर गाडी मुख्यतः थांबण्यासाठीच वापरतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी घरापासून ऑफिसपर्यंत मी ती एकोणीस वेळा सुरू केली. प्रेमा म्हणाली, यशवंतपूरच्या मानसिंगअण्णांना दाखवू. (हे मेकॅनिक. घराणं मराठी, पण तीन-चारशे वर्षं इथलंच. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं, आणि माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी आहे असं ते म्हणतात.) मी म्हणालो, सव्वीस वर्षं मी विमानांची इंजिनं तपासतोय, एवढ्याशा गाडीसाठी यशवंतपूर कशाला? त्यावर ती एवढंच म्हणाली, "विमान सिग्नलला थांबत नाही."

मला ते लागलं, ताई. शनिवार-रविवार मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्र अंथरून बसलो. हवा आत घेणारा भाग खोलला, एका टूथब्रशने घासला (टूथब्रश प्रेमाचा निघाला, तो विषय वेगळा), वायरी तपासल्या, चार पानांचा अहवाल लिहिला. सगळं परत बसवल्यावर तीन स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली. माझ्या मते कंपनीने ती जादाच दिली असावीत. इंजिन पहिल्यासारखंच बंद पडत होतं. फरक इतकाच की आता हॉर्न दाबला की वायपर फिरू लागले. हॉर्न मात्र वाजत नसे. दुसरी गाडी नव्हती आणि परीक्षेला बारा दिवस उरले होते. प्रेमा त्याच गाडीवर रोज पहाटे सराव करू लागली.

परीक्षेच्या दिवशी मला कुंपणाबाहेर उभं केलं. प्रेमाशेजारी इन्स्पेक्टर बसले, मांडीवर कागद. आठाचा आकडा तिने सुरेख काढला. मग चढ आला. मध्यावर थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं, अशी अट. गाडी थांबली. मी तारेला इतकं घट्ट धरलं होतं की पंजावर अजून खूण आहे. उचकी ऐकू आली, दुसरी काही आली नाही. नंतर कळलं, बाई चवड्याने ब्रेक आणि त्याच पायाच्या टाचेने अ‍ॅक्सिलरेटर सांभाळत होत्या. हे तिला क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. त्या गाडीने शिकवलं. एवढ्यात चढावर एक कुत्रं येऊन बसलं. तिने हॉर्न दाबला, वायपर फिरले. कुत्रं ते बघत बसलं, इन्स्पेक्टरही. मग त्यांनी कन्नडमध्ये हा काय प्रकार म्हणून विचारलं. प्रेमाने कन्नडमध्येच सांगितलं, नवऱ्याने दुरुस्त केलीय. ते कागदावर खूण करत म्हणाले, जी बाई ही गाडी चालवू शकते ती काहीही चालवू शकेल. पास.

ती कुंपणापाशी आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. माझेही होते, पण मी धुळीवर ढकललं. परत येताना मी मोठ्या ऐटीत स्टिअरिंग घेतलं आणि पाऊण किलोमीटरमध्ये सहा वेळा बंद पडलो. सातव्या वेळी मागच्या बसमधले दोघे उतरून ढकलू लागले, तेव्हा प्रेमा म्हणाली, "सरका." मी सरकलो. तिने गाडी घराकडे न वळवता थेट यशवंतपूरला नेली.

मानसिंगअण्णांनी बॉनेट उघडलं, स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावलं, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "स्वल्प थांबा, सर. इंजिनाला काय पण झालं नाही. ही नळी चिरलीय, नोडी." (नोडी म्हणजे बघा.) करंगळीएवढी रबरी नळी, ताई. दहा मिनिटांत बदलली. माझा अहवाल त्यांनी अदबीने घेतला आणि त्याला हात पुसले.

आता गाडी थांबते आणि चालूही राहते. प्रेमा एक तारखेला रुजू होतेय. भावोजींना नमस्कार, तुझी काळजी घे.

तुझा,
उपेंद्र

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण असं की लायसन्स हातात आल्यापासून प्रेमाने गाडीने मिरजेला तुमच्याकडे यायचं काढलंय. पुढच्या शुक्रवारी. दहा-बारा तास शेजारच्या सीटवर गप्प बसणं मला झेपणार नाही. तू तिला फोन करून सांग की घरात रंगकाम काढलंय, पाहुणे नकोत. माझं नाव मध्ये आणू नकोस.

ता. क. २. वन्सं, प्रेमाचा नमस्कार. पत्र टपालात टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, आणि पाकीट चिकटवायला विसरले. रंगकाम असलं तरी आम्ही येतोय. माझ्याबरोबर क्लासमधल्या मैत्रिणी हेमलता आणि संयोगिता आहेत, शिवाय तिघींचं सामान, त्यामुळे गाडीत ह्यांना जागा नाही. ह्यांचं शुक्रवारचं रेल्वेचं तिकीट काढलंय. स्टेशनवर कुणी येऊ नका. त्यांना घ्यायला मी गाडी घेऊन जाईन.