हिरवळीवरचं टेनिस आणि तुझी शोकसभा

प्रिय मुसा यास सहदेवचा जय भीम, आणि माझ्या तोंडून चालत असेल तर सलामही.

तुझा गुडघा, तुझी साखर आणि तुझ्या लेकाचा, नबीलचा, रागीट स्वभाव, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. (मी बरा आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगतो.) रमजान ईदेनंतर तुझा फोन नाही. मी केला की एक बाई सांगते, क्रमांक बंद आहे. मुंब्र्याला लेकाच्या बाराव्या मजल्यावर गेलास म्हणून जयगडला विसरायचं असतं काय रे मेल्या? रागानं दोन महिने मीही फोन लावला नाही. आता मात्र पत्र लिहिण्यावाचून इलाज नाही, कारण गावानं तुझी शोकसभा घेतली.

झालं असं की सोमवारी विम्बल्डन सुरू झालं. ही गेल्यापासून दरवर्षी आपण दोघं ते माझ्या पडवीत पाहायचो. यंदा एकट्यानं पाहायचं तर निदान रीतीभाती सोडायच्या नाहीत असं मी ठरवलं. (रीती तुझ्याच. बोटीवर नोकरीला होतास तेव्हा तुझं जहाज तिकडे लागलं असताना एकदा तिकिटाच्या रांगेत उभा राहून आत गेलास, आणि तेव्हापासून गवत आठ मिलिमीटरच ठेवतात, कबुतरं हाकलायला ससाणा नोकरीला आहे, हे जन्मभर ऐकवलंस.) खेळाडूंनी आतल्या कपड्यांपर्यंत पांढरंच घालायचं, म्हणून मीही सदरा, लेंगा, मोजे सगळं पांढरं चढवलं. स्ट्रॉबेरी आणि क्रीमऐवजी आंबापोळी आणि साय घेतली. खेळाडू बाजू बदलतात तशा आपण खुर्च्या बदलायचो, पावसाचे शिंतोडे दोघांना सारखे मिळावेत म्हणून. यंदा दोन्ही खुर्च्यांवर मीच. पहिला, तिसरा, पाचवा गेम झाला की उठायचं, पलीकडे बसायचं आणि रिकाम्या खुर्चीला म्हणायचं, मुसा, बघितलास काय फटका! (तुझ्या खुर्चीत बसूनही मी तुलाच हाक मारत होतो, हे नंतर ध्यानात आलं.) चेंडू बाहेर पडला की रेषेवर ओरडणारी माणसंसुद्धा आता काढून टाकलीत रे, यंत्र ओरडतं. ते पाहून फार एकटं वाटलं.

हे सगळं शेजारच्या मालननं कुंपणावरून पाहिलं. आपल्या बौद्धवाडीत अंगभर पांढरं निघतं ते लग्नाला, वंदनेला, नाहीतर मयताला. लगीनसराई संपलेली, पौर्णिमा लांब, आणि सर (शाळा सुटली तरी वाडीला मी सरच) रिकाम्या खुर्चीशी बोलतायत. तिनं हिशेब केला आणि वाडीभर सांगत सुटली की मुसाभाय गेले. अर्ध्या तासात भातलावणीचा चिखल धुऊन तीस माणसं पांढऱ्या कपड्यांत माझ्या पडवीत गुपचूप येऊन बसली. मला वाटलं, टेनिस बघायला आली. इतके शिस्तीचे प्रेक्षक लंडनलाही मिळत नसतील! मी खूश होऊन सगळ्यांना आंबापोळी वाटली. ती त्यांनी डोळे पुसत खाल्ली. मग वाडीतला धोंडू उठला आणि तुझ्याविषयी चार शब्द बोलू लागला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

अरे, तेव्हाच सांगायला हवं होतं. पण घरात इतकी माणसं किती दिवसांनी आली होती. शिवाय धोंडू बसल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंधरा मिनिटं बोललो. तोंडावर तुला कधी म्हटलं नाही ते सगळं बोललो, आणि मग म्हटलं की मुसा जिवंत आहे. पुढे काय काय ऐकून घेतलं ते लिहीत नाही.

तुझा,
सहदेव

ता. क. : ती पंधरा मिनिटं पुन्हा ऐकायला मिळणार नाहीत. मागू नकोस.

ता. क. दुसरा : सगळे गेल्यावर मालन मागे राहिली. म्हणाली, सर, जिवंत आहेत म्हणता, पण शेवटचं बोलणं कधी झालं? ती गेली आणि मी कागद काढला. मुसा, पत्र मिळताच फोन कर. नबीलला करायला सांगू नकोस, मला तुझाच आवाज ऐकायचाय. त्याचा आला तर मी उचलणार नाही.