ओतारच्या गाडीतला दिवा

प्रिय एतेरी,

परवा फोनवर तू मलाच धीर देत राहिलीस, म्हणून बोलायचं ते राहून गेलं. मी बरी आहे. इकडे रुस्तावीत थंडी पडली आहे. वेलींची छाटणी ओतार करायचा, यंदा ती तशीच राहिली.

घाटात तुझ्या लेवानची गाडी ओढेनाशी झाली, हे तू सांगितलंस तेव्हापासून मला झोप नाही. इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी उतारावर मागे सरकत होती. मागच्या सीटवर सूनबाई बाळाला घेऊन बसलेली. तेलावीच्या मेकॅनिकनं किल्ली फिरवून विचारलं म्हणे, सगळे दिवे लागले, मग इंजिनचा पिवळा कुठं गेला? डॅशबोर्डची काच उघडली तर त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवलेली. गिअरबॉक्स कधीचा बोंबलतोय आणि याचं तोंड बांधून ठेवलंय, गाडी होती कुणाची? लेवाननं ओतारचं नाव सांगितलं, तो गेल्याचंही सांगितलं, तेव्हा मेकॅनिक हसला, म्हणाला, बरं आहे, मेलेल्याला विचारायला कोण जाणार. लेवान त्याच्या अंगावर धावून गेला. गाडी अमेरिकेतून आलेली, पट्टी तिथल्या जुन्या मालकानंच लावली असणार, असं तो तुला अजून पटवतो आहे.

गाड्यांच्या बाजारात ओतार कसा विकायचा ते तू पाहिलं आहेस. गिऱ्हाइकाला आत बसवून किल्ली अर्धी फिरवायला लावायचा. बघ, इंजिनचा दिवा आधी पेटला पाहिजे, गाडी सुरू झाली की विझला पाहिजे. जो पेटतच नाही त्याला घाबर. शेजारचे चिडवायचे, ओतार, तू गाड्या विकतोस की मेणबत्त्या? तोही हसायचा, पण किल्ली फिरवल्याशिवाय कुणाला सोडायचा नाही.

ही राखाडी गाडी त्यानं विकायला लावलीच नव्हती. थंड असताना ती छान चालायची. तापली की चढावर दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना घसरायची, आणि मग तो दिवा लागायचा. गिअरबॉक्स उघडल्याशिवाय ही कुणाला द्यायची नाही, असं तो मला म्हणाला होता. त्याच आठवड्यात तो गेला.

लेवान गाडी बघायला आला तेव्हा त्याच्या खिशात गाडीतले दोष तपासायचं यंत्र होतं. मला काळ्या कपड्यांत पाहिलं, फोटोपुढची मेणबत्ती पाहिली आणि त्यानं ते परत खिशात घातलं. मावशी, या घरात यंत्र लावून बघितलं तर आई मला दारात उभं करणार नाही, म्हणाला. भावही केला नाही. मी त्याला कॉफी दिली, पैसे घेतले आणि किल्ली दिली.

ओतारच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला लेवान पेला घेऊन उभा राहिला, तेव्हा तू शेजारीच होतीस. गेलेल्याच्या नावानं पावावर वाइनचे थेंब सांडून म्हणाला, ओतारकाकांनी आयुष्यात कुणापासून दिवा लपवला नाही. सगळे उठून प्याले. भाताचं ताट हातात घेऊन मी दारात उभी होते. ते तिथंच ठेवून आत गेले. तुला वाटलं, मी रडायला गेले.

पट्टी मी लावून घेतली, एतेरी. लेवान यायच्या आदल्या दिवशी बाजारातल्या गेला नावाच्या माणसाला बोलावलं. तो वायरिंगची कामं करतो. त्यानं दोनदा विचारलं, वहिनी, नक्की ना? मी हो म्हणाले. ओतार सगळ्यांच्या मेजवान्यांना बसला होता, त्याच्या चाळिसाव्याचं टेबल लहान दिसू नये, त्याला पैसे हवेत, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. लेवान तो घाट दर आठवड्याला चढतो, हे मला ठाऊक होतं.

हे पत्र तो वायरिंगवाला गेलाच घेऊन येतो आहे, गाडी ओढून न्यायला. त्याला किल्ली दे. गाडीचे पैसे पाकिटात आहेत. मला माफ कर असं मी म्हणत नाही, तुझं नातवंड त्या गाडीत होतं. लेवानला एवढंच सांग, की त्या मेकॅनिककडे पुन्हा एकदा जा आणि माझं नाव घेऊन सांग, पट्टी बायकोनं लावली, तो गेल्यानंतर.

तू म्हणू देशील तर, तुझीच
लामारा